गृहस्थाची सेवा आणि घरच्यांचा वाटा

माणूस गेल्यावर त्याचे गुण सांगावेत, दोष सांगू नयेत, असा आपल्याकडे रिवाज आहे आणि तो वाईट नाही. दशक्रियेच्या प्रवचनाला आम्ही गेली पस्तीस-चाळीस वर्षे जात आहोत. नदीकाठी, खाडीकाठी, तळ्याच्या पायरीवर उभे राहून शेकडो माणसांचे गुण आम्ही सांगितले असतील; त्यांतली निम्मीअधिक माणसे आमच्या ओळखीचीही नव्हती. यजमान चिठ्ठीवर चार ओळी लिहून देतात. मनमिळाऊ, परोपकारी, कुटुंबवत्सल, हरिभक्तपरायण. आम्ही त्या वाचतो, लोक डोळे पुसतात, आणि कार्य यथासांग पार पडते. चिठ्ठी दर वेळी नवी असते, शब्द तेच असतात. पण गेल्या मार्गशीर्षात दिवाळे गावी असा प्रसंग आला की चिठ्ठी आमच्या हातातच राहिली आणि तोंडून शब्द फुटेना. त्या प्रसंगाने जो प्रश्न आमच्यापुढे टाकला, तो वाचक सज्जनांपुढे ठेवावा म्हणून हा लेख लिहीत आहोत.

दिवाळे हा बेलापूरजवळचा कोळीवाडा. एका अंगाला पनवेलची खाडी, दुसऱ्या अंगाला शीव-पनवेल महामार्ग, आणि मध्ये भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरे. आम्ही प्रथम येथे कीर्तनास आलो ते १९८७ साली. तेव्हा बेलापुरास आगगाडी नव्हती, ती १९९३ साली आली. आम्ही मानखुर्दला उतरून बसने खाडीपूल ओलांडून येत असू. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तिन्ही तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहू लागले. कारखान्यांचे पाणी खाडीत उतरू लागले, तशी मासळी हटली. तरी होड्या अजून आहेत, जाळी अजून दारात वाळत पडतात, दिवाळीला बहिरीदेवाची जत्रा भरते, आणि एकादशीच्या रात्री देवळात टाळ वाजतात. या गावातले पुष्कळ कोळी माळकरी आहेत. मासळी धरायची, विकायची, पण तोंडात घालायची नाही, असा त्यांचा नेम. एका शास्त्रीबोवांनी आम्हाला यावर एकदा छेडले होते. आम्ही म्हटले, शास्त्रीबोवा, तुमच्यासमोर रोज पहाटे ताज्या मासळीची पाटी ठेवू आणि तुम्ही तीस वर्षे नेम पाळून दाखवा, मग चर्चा करू. असो.

ज्यांच्या दशक्रियेला आम्ही गेलो त्यांना सारा गाव दादा म्हणे. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे, आणि आमच्या प्रश्नाला नावाची गरजही नाही. बाप होडीवाला, पण दादा कारखान्यात फिटर होते. तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. सडसडीत बांधा, आवाज बसका, भजनात नेहमी मागच्या ओळीत टाळ घेऊन उभे. पुढे या म्हटले तर हसायचे. दर कार्तिकात कोकणातून खोपोलीचा घाट चढून आळंदीला जी पायी दिंडी जाते, तिच्या पाण्याची व्यवस्था त्यांच्याकडे असे. लोक चालत असत आणि हे पुढच्या मुक्कामावर पिंपे भरत असत. म्हणजे वारीला जाऊनही त्यांची पायी वारी कधी पुरी झाली नाही.

पण गावाने त्यांना ओळखले ते आणखी एका कामामुळे. दिवाळ्यात कोणाचे मयत झाले, रात्री दोन वाजता झाले तरी, पहिली थाप दादांच्या दारावर पडायची. त्यांच्या घरात जिन्याखाली एक लोखंडी पेटी असे. तीत पांढरे कापड, सुतळी, कापूर, बुक्का, तुळशीच्या माळा, गाडीवाल्याचे नि लाकूडवाल्याचे नंबर लिहिलेली वही, एवढे सगळे बारा महिने तयार. माणूस गेलेल्या घरात कोणाचे हातपाय चालत नाहीत. दादा पेटी घेऊन यायचे, बांबू मागवायचे, नातेवाइकांना कळवायचे, दाखल्याचा कागद कोणाकडून घ्यायचा ते सांगायचे, आणि सारे उरकले की स्वतःच्या घरी जाऊन अंघोळ करून कामावर जायचे. पैसे दिले तर फक्त सामानाचे घ्यायचे. गरिबाकडून तेही नाही. याखेरीज म्हाताऱ्यांचे अर्ज, रेशनकार्डाची खेप, दवाखान्यात रक्त देणारा शोधणे, ही कामे निराळी.

पगार असा बाहेर जायचा. मग घर कशावर चालायचे? वहिनींच्या पाटीवर. त्या पहाटे धक्क्यावरून मासळी घेऊन बाजारात बसत. हे आम्हाला त्या दिवशीच्या चिठ्ठीवरून कळले नाही. चिठ्ठीत ‘कुटुंबवत्सल’ होते, ‘समाजसेवक’ होते; पाटी नव्हती.

त्या सकाळी खाडीला भरती लागली होती. पिंड ठेवले होते, कावळ्याची वाट पाहणे चालले होते, आणि प्रवचनास थोडा अवकाश होता. दादांचा मुलगा आमच्याजवळ आला. तिशीचा तरुण, शिकलेला, चांगल्या नोकरीत. आम्हाला वाटले, दक्षिणेचे विचारतो की काय. तो हळूच म्हणाला, “बुवा, बाबांचं सगलं सांगा, त्यातलं काय खोटं नाय. पन एक सांगा. आमी पन वाट बगली.”

आम्ही विचारले, “कसली वाट रे बाळ?”

त्याने सांगितले ते असे. २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे आता सर्वांना ठाऊक आहे. दिवाळ्यातही पाणी चढले. महामार्गावर गाड्या अडकल्या, माणसे भिजत चालत होती. दादा दुपारीच बाहेर पडले ते चार पोरे घेऊन लोकांना देवळात आणणे, चहा करणे, बायकामुलांना कोरडे कपडे देणे, यांत रात्रभर गुंतले. इकडे घरात गुडघाभर पाणी. मुलगी नऊ वर्षांची, तापाने फणफणलेली. मुलगा अकरा वर्षांचा. दिवे गेलेले. वहिनींनी धान्याचा डबा माळ्यावर टाकला आणि मुलीला ठेवायला कोरडी, उंच अशी एकच जागा राहिली होती. जिन्याखालची पेटी. तिच्यावर गोधडी घालून त्यांनी मुलीला निजवले.

“आत काय हाय ते मना म्हाईत व्हतं, बुवा,” तो म्हणाला. “मी रातभर तिचा हात धरून बसलो. वाटत व्हतं, हात सोडला तर पेटी उघडंल.”

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. मुलगी पुढे बरी झाली. आज तिला दोन लेकरे आहेत. त्याच वर्षी गणपतीत गावाने दादांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला आणि मुलगा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. एवढे सांगून तो पिंडांकडे निघून गेला.

आता आमची पंचाईत ऐका. अशा प्रसंगी सांगायला आमच्याजवळ एक हुकमी दृष्टांत असतो. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे गाडगेबाबांचे कीर्तन चालू असता त्यांचा मुलगा गोविंद वारल्याची तार आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. हा प्रसंग आम्ही दोनशे वेळा तरी सांगितला असेल, आणि दर वेळी मंडप गहिवरला आहे. त्या दिवशीही तोच सांगायचे आम्ही ठरवून आलो होतो. पण मुलगा पाठमोरा झाला आणि आमच्या मनात आले, गोविंदाची आई कुंताबाई त्या वेळी कोठे होत्या? त्यांना ती बातमी कोणी सांगितली? त्यांच्याजवळ कोण बसले होते? दोनशे वेळा गोष्ट सांगणाऱ्या आम्हाला हे एकदाही विचारावेसे वाटले नव्हते. गाडगेबाबांना आम्ही दोष देत नाही. तेवढी आमची योग्यता नाही. १९०५ साली ते घर सोडून गेले, आणि पुढे एवढ्या धर्मशाळा बांधल्या तरी आपल्या नात्यागोत्याचा त्यांवर हक्क राहू दिला नाही. त्यांनी प्रपंचाचा हिशेब एका बाजूला मिटवला होता. दोष असेल तर तो आमच्या सांगण्याचा. संन्याशाची फूटपट्टी घेऊन आम्ही गृहस्थाला मापतो आणि त्याच्या घरच्यांना टाळ्या वाजवायला लावतो.

वारकरी पंथ हा मुळात गृहस्थांचा पंथ. वारी करून परत घरी यायचे, हीच त्यातली गोम. जोगमहाराजांसारखे ब्रह्मचारी आचार्य आपल्यात झाले, १९१७ साली आळंदीची शिक्षणसंस्था त्यांनी काढली, तरी संतमंडळीत पाहावे तर नाथ प्रपंचात, तुकोबा प्रपंचात, सावतोबा मळ्यात, गोरोबा चाकावर. तेव्हा ‘लोकांसाठी झिजणाऱ्या माणसाच्या घरच्यांचे काय’ हा प्रश्न आपल्याला टाळता येण्यासारखा नाही. आम्ही मात्र तो आजवर टाळला.

लहानपणी पाठशाळेत गुरुजींनी आमच्याकडून लौगाक्षिभास्कराचा ‘अर्थसंग्रह’ घोकून घेतला होता. मीमांसक कर्माचे भाग पाडतात: नित्य, नैमित्तिक आणि काम्य. रोज करायचे ते नित्य; ते चुकले तर दोष लागतो. काही निमित्त उभे राहिले म्हणून करायचे ते नैमित्तिक. ग्रहण लागले, स्नान केले. मनात इच्छा धरून करायचे ते काम्य. न केले तरी पाप नाही. पोराबाळांचे पोट, त्यांचा ताप, त्यांची भीती हे गृहस्थाचे नित्यकर्म, याविषयी वाद नसावा. पूर आला, मयत झाले, हे नैमित्तिक. ग्रहण काही रोज लागत नाही म्हणून नित्याला फारसा धक्का बसत नाही. परंतु हजार घरांच्या गावात निमित्त रोजच उभे राहते. आज याच्या घरी, उद्या त्याच्या. ते सगळे एकाच माणसाने आपल्या अंगावर घेतले तर नैमित्तिकच नित्याला गिळून बसते. मग शास्त्राने काय सांगावे?

शिवाय आणखी एक बारीक गोष्ट आहे आणि ती आम्ही स्वतःवर ओढून घेऊन सांगतो. नैमित्तिकाचा अंगरखा घालून काम्य कर्म केव्हा आत शिरते, ते कळत नाही. लोक ‘बुवा, तुम्ही आलात म्हणून कार्य झाले’ म्हणतात, ते कानाला गोड लागते. घरी कोणी असे म्हणत नाही. घरी पिठाचा डबा संपलेला असतो. दादांना ही गोडी होती असे आम्ही म्हणत नाही. मागच्या ओळीत टाळ वाजवणारा माणूस होता तो. आम्हाला मात्र होती. आमच्या थोरल्या मुलीला बारावा महिना लागला तेव्हा आम्ही चातुर्मासासाठी परगावी होतो. ती पहिले पाऊल टाकून चालली ते आम्ही पोस्टकार्डावर वाचले. त्या पोस्टकार्डाचा आम्ही कीर्तनात दृष्टांत केला होता, वैराग्याचा म्हणून!

दिवाळ्याच्या त्या मुलाचे बोलणे ऐकून आम्हाला आठवला तो कठोपनिषदातला नचिकेत. बाप यज्ञात सर्वस्व दान करीत सुटला आहे, गाई नेल्या जात आहेत, आणि पोर विचारते आहे की मला कोणाला देणार? एकदा विचारले, दोनदा विचारले, तिसऱ्यांदा बाप चिडला आणि म्हणाला, तुला मृत्यूला दिले. आम्ही प्रवचनात येथून एकदम आत्मविद्येवर उडी मारतो. पण त्या मुलाला यमाने तीन वर दिले तेव्हा पहिला वर त्याने कशाचा मागितला? आत्मज्ञानाचा नव्हे, स्वर्गाचाही नव्हे. माझ्या बापाचा राग जावो, मी परत गेलो की त्याने मला ओळखून प्रेमाने बोलावे, एवढेच त्याने आधी मागितले. बाकीचे मागून. अकरा वर्षांचे पोर पेटीजवळ बसून रात्रभर जे मागत होते, ते याहून निराळे काय होते?

याला उत्तर म्हणून कोणी म्हणेल की दान करणारा घरचाही विचार करीत बसला तर दानच होणार नाही. तर तसेही नाही. तुकोबांची गोष्ट महिपतींनी सांगितली आहे. १६३०च्या दुष्काळानंतर तुकोबा विरक्त होऊन डोंगरावर जाऊन बसले. धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधून काढतो. आणि मग इंद्रायणीकाठी घराण्याच्या सावकारीचे कागद बाहेर निघतात. तुकोबांनी सगळे कागद डोहात टाकले असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. त्यांनी वाटण्या केल्या. अर्धे कागद कान्होबाच्या हाती दिले आणि आपल्या वाट्याचे तेवढे बुडवले. लोकांवरचे कर्ज माफ करायचे खरे, पण भावाच्या वाट्यातून नव्हे. आमच्या मते तुकोबांचे वैराग्य जितके त्या बुडवलेल्या कागदांत आहे तितकेच राखून दिलेल्या कागदांतही आहे. आणि नाथांचे पाहा. दारी आलेल्या कोणालाही विन्मुख न पाठवणाऱ्या नाथांचा मुलगा हरिपंडित रुसून काशीस गेला, तर नाथ त्याच्यामागे स्वतः काशीस गेले आणि त्याच्या अटी मान्य करून त्याला पैठणास घेऊन आले. अटी न पटणाऱ्या होत्या, तरी मान्य केल्या.

कागदाचे वाटे करता येतात. वेळाचे वाटे कसे करावे, हा खरा पेच. बापाची रात्र ही बापाची किती आणि पोरांची किती?

खाडीकाठी उभे राहून हे सगळे आम्हाला त्याच क्षणी सुचले असे नाही. पुष्कळसे परतीच्या गाडीत सुचले. तेव्हा एवढेच सुचले की चिठ्ठी बाजूला ठेवावी आणि महाभारताच्या अश्वमेधपर्वातली मुंगसाची गोष्ट सांगावी. धर्मराजाच्या यज्ञात अर्धे अंग सोन्याचे असलेले मुंगूस येते आणि म्हणते, या यज्ञाला त्या मूठभर सातूच्या पिठाची सर नाही. कुरुक्षेत्रातला तो गरीब ब्राह्मण, शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारा. घरात चार माणसे: तो, बायको, मुलगा, सून. दुष्काळ. मिळालेल्या पिठाचे चार समान वाटे केले आणि इतक्यात अतिथी आला. ब्राह्मणाने आपला वाटा दिला. अतिथीचे पोट भरले नाही. आता गंमत पाहा. तो ब्राह्मण बायकोच्या वाट्याला हात लावत नाही. ती पुढे करते तरी तो नको म्हणतो. तुझे पोषण करणे हे माझे काम, तुझा घास मी कसा घेऊ, म्हणतो. ती वाद घालते, हट्टाने देते. मग मुलगा देतो. शेवटी सून पुढे येते, तेव्हा तर त्या म्हाताऱ्याचा जीव तुटतो, पण ती ऐकत नाही. चार वाटे गेले, पण चारही ज्याचे त्याने आपल्या हाताने दिले. एकाने चौघांचे उचलून दिले असते तर मुंगसाचे अंग सोन्याचे झाले असते का, एवढा एक प्रश्न विचारून आम्ही म्हणालो, आज आपण दादांना नमस्कार करतो; पण ते रात्री-अपरात्री आपल्या दारात आले तेव्हा त्यांच्यामागून या घरची चारही ताटे आली होती, हे लक्षात ठेवून नमस्कार करा. वहिनींची पाटी आम्ही बोललो. पेटीचे बोललो नाही; ते त्या मुलाचे होते.

लोक गप्प होते. एक वयस्क गृहस्थ मागाहून आम्हाला म्हणाले, “बुवा, पोराचं ऐकून तुम्ही दादाचं पुण्य कमी केलंत.” आम्हाला ते लागले. कारण त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. जानेवारी १९८४ मध्ये १६ आणि १७ तारखेला जासई-दास्तानच्या बाजूला जमिनीच्या लढ्यात गोळीबार होऊन पाच जण गेले. तेही घरदारवालेच होते. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व पुढे आले आणि त्याचा लाभ पुढच्या पिढीला झाला. त्या पाच घरांतल्या मुलांनी आपल्या वाट्याचा हिशेब मागितला असता तर काय उत्तर होते? कोणीच घराबाहेर पडले नसते तर गाव कोठे राहिले असते? आणि ज्या घरातला बाप लोकांसाठी राबतो त्या घराला गावही सोडत नाही. दादांच्या मुलीच्या लग्नात स्वयंपाकाला आचारी सांगावा लागला नाही. हे सगळे आम्ही त्या गृहस्थांना कबूल केले. पण पुण्य कमी केले, हे कबूल केले नाही. पुण्य कोणाकोणाचे होते ते सांगितले, एवढेच.

दुपारी जेवणानंतर वहिनी आमच्याशी बोलल्या. डोक्यावर पदर, हात मासळीच्या कामाने खरबरीत झालेले. म्हणाल्या, “बुवा, तुमची गोष्ट बरोबर व्हती. माझा वाटा मी दिला. हे लग्न झालं तेव्हाच मना समजलं व्हतं, हा मानूस एका घरचा नाय. पन पोरांना कुनी इचारलंच नाय. पोरांना कोन इचारतं?”

आम्ही काय उत्तर देणार? त्या गोष्टीतला मुलगा जाणता होता, लग्न झालेला होता. अकरा वर्षांच्या मुलाची संमती कोण घेणार, आणि घेतली तरी तिला संमती कोण म्हणेल? पोर आपला वाटा देऊच शकत नाही. तो त्याच्याकडून घेतला जातो. आपल्या शास्त्रात तीन ऋणे सांगितली आहेत: ऋषींचे, देवांचे, पितरांचे. मुलगा पितरांच्या ऋणात जन्मतो. बापावर मुलाचे ऋण असते असे कोठे सांगितलेले आमच्या पाहण्यात नाही. साठी उलटून गेल्यावर, एवढे पाठांतर करून, ही जागा रिकामी आहे हे आम्हाला दिवाळ्याच्या धक्क्यावर कळावे!

वहिनींनीच मग आणखी एक सांगितले. २०२० सालच्या उन्हाळ्यात, कोरोनाची साथ भरात असताना, मयताला वीसच माणसांची मुभा होती आणि वीसही येत नव्हती. त्या वर्षी माउलींच्या पादुकासुद्धा एस. टी.ने पंढरीस गेल्या. दादांचे वय तेव्हा चौसष्ट. त्यांनी पेटी उचलली. वहिनी आडव्या झाल्या. मुलगा नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. तो काही बोलला नाही. गाडीची किल्ली घेतली आणि बापाच्या पुढे जाऊन बसला. “एकल्याला कसा सोडू,” एवढेच आईला म्हणाला. पुढचे तीन महिने बापलेक दोघेही दाराजवळच्या खोलीत निजत आणि वहिनी उंबऱ्यावर ताटे सरकवून ठेवीत. त्या तीन महिन्यांत बापलेकांत काय बोलणे झाले ते त्यांना ठाऊक नाही. रात्री उशिरापर्यंत आवाज येई, एवढे त्या म्हणाल्या. मुलाने सकाळी आम्हाला २००५ सांगितले, २०२० सांगितले नाही.

हे कळल्यावर आम्हाला त्याच्या ‘पन’चा अर्थ थोडा निराळा वाटू लागला. सकाळी आम्ही ती तक्रार समजलो होतो. तशी ती होतीही. पण बापाची सगळी कामे सांगा, आणि त्याच ओळीत आमची वाटही धरा, असेही तो सांगत असावा.

आम्ही घरी आलो आणि ही सगळी हकीकत आमच्या मंडळींना सांगितली. त्या तांदूळ निवडीत होत्या. ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “ते पोस्टकार्ड मीच लिहिलं होतं. तुम्ही त्याचं उत्तर पाठवलं नव्हतं.” आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पोस्टकार्ड आम्ही जपून ठेवले होते. उत्तराचे आम्ही विसरलो होतो.

माघात पुन्हा दिवाळ्यास जाणे झाले, ते काल्याच्या कीर्तनाला. देवळाच्या ओट्यावर चारपाच जण बसून खलबत करीत होते. पेटी आता कोठे ठेवायची? काही जणांचे म्हणणे, ती दादांच्या घरीच राहावी, मुलाने चालवावी, बापाचे नाव राहील. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. आम्ही मध्ये पडलो नाही. वहिनींना बोलावले गेले. त्या म्हणाल्या, पेटी देवळात ठेवा, आणि पाळी लावा. महिन्याला एक घर. वर्षाची बारा घरे लिहून काढा. आमचे नाव त्यात घाला, पण बारातले एक. थोडी कुरकूर झाली. रात्रीबेरात्री पाळीवाला उठला नाही तर काय, असे कोणी म्हणाले. मग वही आली आणि नावे लिहायला सुरुवात झाली. सात घरे तेथल्या तेथे मिळाली. आठव्या नावाशी गाडी अडली तेव्हा आम्ही काल्याला उभे राहिलो होतो. कीर्तन संपल्यावर पाहिले तर मुलगा आणि आणखी एक जण पेटी दोन कड्यांना धरून देवळाकडे घेऊन येत होते, आणि वहिनी मागून सांगत होत्या की वही आतच आहे, लाकूडवाल्याचा नंबर बदललाय तो आधी लिहून घ्या.